पहिला पावलोवा कोणी केला?

अंड्याचा पांढरा भाग, साखर, चमचाभर व्हिनेगर आणि थोडे कॉर्नफ्लोअर. एवढ्याच जिनसांपासून तयार होणाऱ्या एका गोड पदार्थाच्या जन्मावरून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या दोन शेजारी देशांत गेली अनेक दशके वाद चालू आहे. पदार्थाचे नाव आहे पावलोवा. बाहेरून पातळ, कुरकुरीत कवच, आत कापसासारखा मऊ आणि किंचित ओलसर गर, वर फेटलेले क्रीम आणि आंबटगोड फळांच्या फोडी असे त्याचे रूप असते. दक्षिण गोलार्धात नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो. त्या दिवशी हा थंडगार पदार्थ पानात हवाच, असे या दोन्ही देशांतील अनेक घरांत मानतात. आणि पहिला पावलोवा आमच्याच देशात झाला, असे दोघेही ठासून सांगतात.

वाद तसा गमतीचा आहे. त्यावरून कोणी कोणाशी संबंध तोडलेले नाहीत. पण या वादाकडे थोडे बारकाईने पाहिले, तर 'पहिल्यांदा कोणी केले?' या साध्या वाटणाऱ्या प्रश्नात किती अडचणी दडलेल्या असतात ते कळते. विज्ञानाच्या आणि इतिहासाच्या वर्गात आपण हा प्रश्न सारखा विचारत असतो. दुर्बीण कोणी शोधली? वाफेचे इंजिन कोणी बनवले? विद्यार्थी एक नाव आणि एक सन पाठ करतात आणि विषय संपतो. पावलोवाच्या बाबतीत असे एक नाव, एक सन शोधायला गेले तर काय होते, ते पाहू.

नाव कुठून आले?

नावाबद्दल वाद नाही. ॲना पावलोवा या रशियन बॅले नर्तिकेवरून ते आले. त्यांचा जन्म १८८१ सालचा, सेंट पीटर्सबर्गचा. स्वतःचा नृत्यसंच घेऊन त्यांनी जगभर दौरे केले. रेल्वे आणि आगबोटींनी जिथे जिथे जाता येत होते, तिथे तिथे त्या गेल्या. १९२६ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडचा दौरा केला आणि १९२९ मध्ये त्या पुन्हा ऑस्ट्रेलियात गेल्या. १९३१ च्या जानेवारीत हेग येथे त्यांचे निधन झाले.

आपल्याकडेही त्या आल्या होत्या. १९२२ च्या भारतभेटीनंतर, १९२३ मध्ये, त्यांच्या संचाने लंडनमध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर आधारलेले एक नृत्यनाट्य सादर केले. त्याच वर्षी त्यांच्यासोबत 'राधा-कृष्ण' या नृत्यात उदय शंकर कृष्ण झाले होते. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांना नृत्याकडे वळण्याची प्रेरणा देणाऱ्यांतही पावलोवा यांचे नाव घेतले जाते.

प्रसिद्ध कलावंताचे नाव एखाद्या पदार्थाला देण्याची पद्धत तेव्हा रूढच होती. नेली मेल्बा या ऑस्ट्रेलियन गायिकेच्या नावाने एस्कोफिए या फ्रेंच आचाऱ्याने लंडनमध्ये 'पीच मेल्बा' केले, ते पावलोवाच्या आधीच. त्यामुळे पावलोवा यांच्या दौऱ्याची वर्णने वर्तमानपत्रांत झळकत असताना दुकानदार, आचारी आणि गृहिणी यांनी आपापल्या पदार्थांना त्यांचे नाव दिले, यात नवल नाही. मात्र 'आपापल्या पदार्थांना' हे शब्द लक्षात ठेवा. खरी गुंतागुंत तिथेच आहे.

एक नाव, अनेक पदार्थ

२०१० मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने या शब्दाची सर्वांत जुनी नोंद म्हणून १९२७ साली न्यूझीलंडमध्ये छापलेल्या एका पाकपुस्तकाचा उल्लेख केला. 'न्यूझीलंड जिंकले' अशा थाटाच्या बातम्या लगेच सर्वत्र छापून आल्या. पण ते पुस्तक होते डेव्हिस नावाच्या जिलेटिन कंपनीचे आणि त्यातला पावलोवा म्हणजे वेगवेगळ्या रंगांच्या थरांची जेली! त्यात फेटलेल्या अंड्याचे भाजलेले कवच नव्हतेच. नाव तेच, पण वस्तू वेगळी.

या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा केला तो डनेडिन येथील ओटागो विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ हेलन लीच यांनी. त्यांनी जुनी पाकपुस्तके जमवली आणि ३०० हून अधिक ठिकाणांहून पावलोवाच्या ६६७ कृती गोळा केल्या. उत्खननात सापडलेली खापरे जशी आकारानुसार आणि काळानुसार लावतात, तशा त्यांनी त्या लावल्या. २००८ मध्ये त्यांचे यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांच्या मांडणीतून असे दिसते की न्यूझीलंडमध्ये एकाच नावाचे तीन वेगळे पदार्थ पाठोपाठ आले. पहिली ती रंगीत जेली. दुसरा, १९२८ च्या सुमारास डनेडिनच्या रोझ रुदरफर्ड यांच्याकडचा कॉफी आणि अक्रोड घातलेल्या छोट्या कुरकुरीत वड्यांचा प्रकार. आणि तिसरा, १९२९ मध्ये दुग्धव्यवसायाच्या एका वार्षिकात छापलेला, अंड्याच्या पांढऱ्या भागाचा मोठा केक. आजच्या पावलोवाचा पूर्वज म्हणता येईल असा हा तिसरा.

ही १९२९ ची कृती पाठवणाऱ्या व्यक्तीने आपले नाव दिलेले नाही. खाली फक्त 'फेस्टिव्हल' असे टोपणनाव आहे. १९३३ मध्ये रंगिओरा या छोट्या गावातील चर्चच्या माता-संघाने छापलेल्या पाकपुस्तकातही 'पावलोवा केक' आढळतो. असली पुस्तके शाळेसाठी, चर्चसाठी निधी गोळा करायला काढली जात आणि गावातल्या बाया आपापल्या कृती त्यात देत.

पर्थच्या हॉटेलातली गोष्ट

आता ऑस्ट्रेलियाची बाजू. तिथे सांगितली जाणारी कथा अशी. १९३५ मध्ये पर्थ शहरातील एस्प्लनेड हॉटेलचे आचारी बर्ट साख्से यांना दुपारच्या चहासाठी काही नवे करायला सांगण्यात आले. त्यांनी बरेच प्रयोग करून एक केक तयार केला. तो चाखून तिथले कोणीतरी म्हणाले, हा तर पावलोवासारखाच हलका आहे. आणि नाव पडले.

गोष्ट म्हणून ही उत्तम आहे. तिला नायक आहे, ठिकाण आहे, सन आहे आणि शेवटी एक चटकदार वाक्यही आहे. पाठ्यपुस्तकात शोभावी अशीच! पण साख्से यांनीच १९७३ मध्ये एका मुलाखतीत सांगितले की एप्रिल १९३५ मध्ये एका महिला मासिकात छापलेल्या मेरँग केकच्या कृतीत सुधारणा करण्याचा त्यांचा प्रयत्न होता. ती कृती मासिकाकडे पाठवणारी व्यक्ती न्यूझीलंडची रहिवासी होती. म्हणजे साख्से यांनी काही केलेच नाही असे नव्हे. पदार्थ सुधारणे, तो दरवेळी तसाच उतरेल असा बसवणे आणि लोकांसमोर आणणे, हेही मोठे काम आहे. पण 'शून्यातून निर्माण केला' असे त्याला म्हणता येत नाही; त्यांनी स्वतःही तसे म्हटले नाही.

दोन पुरावे शेजारी ठेवून पाहा. एका बाजूला हॉटेलात नोकरी करणारा, नाव-गाव असलेला आचारी. दुसऱ्या बाजूला वार्षिकाच्या पानावरचे टोपणनाव. लोकांच्या स्मरणात कोण राहिले, हे सांगायला नको. घरात, स्वयंपाकघरात झालेली सुधारणा कोणाच्याच नावावर लागत नाही. ती 'शेजारच्या काकूंकडून घेतलेली' असते. छापील कागद आणि पगारी पद यांच्याभोवतीच आपला 'पहिल्यांदा'चा इतिहास फिरतो, तेव्हा बरीच माणसे त्यातून आपोआप गळतात. त्यातही बायका जास्त.

एक पदार्थ, अनेक नावे

आतापर्यंत आपण नावाचा माग काढला. आता नाव बाजूला ठेवून वस्तूचा माग काढू. अंड्याचा पांढरा भाग व साखर फेटून मंद आचेवर भाजलेल्या पदार्थाला मेरँग म्हणतात. पुण्या-मुंबईच्या जुन्या बेकऱ्यांत मिळणारी मॅकरूनेही याच कुळातली. त्यात काजू किंवा बदामाची पूड घातलेली असते.

मेरँग हा शब्द छापील स्वरूपात प्रथम आढळतो तो फ्रान्समध्ये, मासियालो या आचाऱ्याच्या १६९२ च्या पुस्तकात. तरीही स्वित्झर्लंडमधील मायरिंगेन या गावी अशी आख्यायिका आहे, की १७२० च्या सुमारास गास्परिनी नावाच्या हलवायाने हा पदार्थ तिथे प्रथम केला आणि गावावरून त्याला मेरँग हे नाव पडले. १६९२ मध्ये छापलेला शब्द १७२० मध्ये जन्माला येऊ शकत नाही, हे सातवीतला मुलगाही सांगेल. तरी ही आख्यायिका टिकून आहे. त्याहून मागे गेले, तर १६०४ सालच्या एलिनॉर फेटिप्लेस या इंग्लिश बाईंच्या हस्तलिखित वहीत अंड्याचा पांढरा भाग व साखर फेटून भाजण्याची कृती मिळते, पण मेरँग या नावाशिवाय. आणि सोळाव्या शतकातल्या इंग्लिश पाकपुस्तकात अंड्याचा पांढरा भाग आणि साय एकत्र घुसळून केलेले 'हिम' येते. ते घुसळायला टोकाला चिरलेली काठी वापरत असत. आपली रवीच म्हणा ना!

मेरँगचा मोठा केक करून त्यात क्रीम आणि फळे भरण्याची पद्धतही जुनी आहे. ऑस्ट्रियात त्याला 'स्पॅनिश विंडटोर्टे' म्हणतात, जर्मन भाषकांत 'शाउमटोर्टे', म्हणजे फेसाचा केक. जर्मन लोक अमेरिकेत स्थायिक झाले तेव्हा तो त्यांच्याबरोबर तिकडे गेला. अँड्र्यू पॉल वुड हे न्यूझीलंडचे आणि ॲनाबेल उट्रेख्ट या ऑस्ट्रेलियाच्या. दोघांनी मिळून जुन्या कृतींचा शोध घेतला आणि २०१५ मध्ये जाहीर केले की १९२६ पूर्वीच्या, पावलोवाशी मिळत्याजुळत्या अशा दीडशेच्या आसपास कृती त्यांना सापडल्या आहेत. वादातल्या दोन्ही देशांच्या अभ्यासकांनी एकत्र बसून 'हा पदार्थ आपल्या दोघांचाही नाही' असे म्हणावे, हे आम्हाला फार आवडले.

म्हणजे प्रश्न कसा विचारला, यावर उत्तर ठरते. 'पावलोवा हे नाव पहिल्यांदा कुठे छापले गेले?' याचे एक उत्तर. 'पावलोवा नावाचा मेरँग केक पहिल्यांदा कुठे आढळतो?' याचे दुसरे. 'मेरँगवर क्रीम आणि फळे घालायला कोणी सुरुवात केली?' याचे तिसरे. शिवाय छापील पुराव्याची एक मर्यादा नेहमी ध्यानात ठेवायची असते. १९२९ ची कृती एवढेच सांगते की १९२९ पर्यंत हा पदार्थ अस्तित्वात आला होता. तो किती आधीपासून होता, ते ती सांगत नाही. जीवाश्मांचेही असेच असते. एखाद्या प्राण्याचा सर्वांत जुना जीवाश्म सापडला म्हणजे तो त्या प्राण्याचा पहिला जीव नव्हे.

मग त्याच काळात का?

'कोण?' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून 'तेव्हाच का?' असे विचारले, की हाती अधिक काही लागते. चार-सहा अंड्यांचा पांढरा भाग काठीने किंवा काटक्यांच्या जुडीने फेटायला पूर्वी बराच वेळ आणि दंडाची ताकद लागे. दांडा फिरवून चालवायची दातेरी चाकांची फेटणी अमेरिकेत १८७० नंतर घरोघर पोचली आणि तिथून इतर देशांत गेली. ऑकलंडजवळचा चेल्सी येथील साखर शुद्धीकरण कारखाना १८८४ मध्ये सुरू झाला. पांढरी शुभ्र साखर रोजच्या वापरातली झाली. मक्यापासून स्टार्च वेगळा करण्याचा उद्योग अमेरिकेत १८४० च्या दशकात उभा राहिला होता. कॉर्नफ्लोअरचे पुडे वाण्याकडे मिळू लागले. ब्रिटनमध्ये १९२३ पासून तापमान आपोआप राखणारी गॅसची भट्टी बाजारात आली. लाकूड-कोळशाच्या भट्टीत तासभर एकसारखी मंद आच ठेवणे ही कसरतच होती. त्यातच न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात दूध-क्रीम आणि अंडी मुबलक. आणि या सगळ्या घरांना जोडणारी महिला मासिके व निधीसाठी काढलेली पाकपुस्तके.

या साऱ्या गोष्टी एकत्र आल्या, की हा पदार्थ कोणीतरी करणारच होते. कदाचित अनेकींनी एकमेकींना न कळता केला असेल. विज्ञानाच्या इतिहासातही एकच शोध दोन-तीन ठिकाणी जवळपास एकाच वेळी लागल्याची उदाहरणे आहेत, ती याच कारणामुळे.

हाताला कळलेले, डोक्याला नंतर उमगलेले

पावलोवाच्या कृतीतल्या प्रत्येक सूचनेला कारण आहे. गंमत अशी की सूचना आधी आल्या आणि कारणे फार नंतर कळली.

अंड्याच्या पांढऱ्या भागात साधारण ९० टक्के पाणी आणि १० टक्के प्रथिने असतात. प्रथिनांचे रेणू लोकरीच्या गुंड्यांसारखे गुंडाळलेले असतात. फेटताना हवा आत शिरते आणि पाण्याच्या पातळ पापुद्र्यात अडकून तिचे बुडबुडे होतात. जिथे पाणी आणि हवा यांची हद्द असते, तिथे हे गुंडे उलगडतात आणि एकमेकांना धरून जाळे विणतात. त्या जाळ्यामुळे बुडबुडे फुटत नाहीत. नुसत्या पाण्याला कितीही घुसळा, फेस टिकत नाही, कारण जाळे विणायला तिथे कोणी नसते. थोडेसे तेल किंवा अंड्याचा बलक मिसळला तर स्निग्ध पदार्थाचे रेणू त्या हद्दीवर जागा अडवून बसतात आणि जाळे नीट विणले जात नाही. म्हणून भांडे तेलकट नसावे, ही सूचना.

पाण्याच्या पृष्ठभागावर पदार्थांचे किती पातळ थर पसरतात आणि त्याने पृष्ठताण कसा बदलतो, याचे पायाभूत काम ज्यांनी केले त्यांत जर्मनीतील ब्रन्सविक शहरच्या ॲग्नेस पॉकल्स (१८६२–१९३५) होत्या. त्यांना विद्यापीठात शिकता आले नाही. घर सांभाळताना, भांडी घासण्याच्या पाण्याकडे पाहून त्यांना प्रश्न पडले आणि स्वयंपाकघरातच त्यांनी मोजमापे केली. १८९१ मध्ये त्यांनी लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले आणि रॅले यांनी ते 'नेचर' या नियतकालिकात छापवून आणले. रॅले यांच्यासारख्या मान्यवराकडे पत्र पोचले म्हणून आज आपल्याला पॉकल्स यांचे नाव माहीत आहे. 'फेस्टिव्हल'चे तसे झाले नाही.

फार वेळ फेटले तर प्रथिनांची पकड गरजेपेक्षा घट्ट होते, जाळे आवळते, पाणी बाहेर पडते आणि फेसाचा रवाळ चोथा होतो. हे टाळायला युरोपातील हलवाई तांब्याचे भांडे वापरत. अठराव्या शतकातील फ्रेंच ज्ञानकोशातल्या एका चित्रात तांब्याच्या भांड्यात अंडी फेटणारा मुलगा दिसतो. तांब्याचा उपयोग होतो हे कळायला शतके लागली असतील. का होतो, हा प्रश्न मात्र १९८४ पर्यंत कोणी नीट तपासला नव्हता. त्या वर्षी हॅरॉल्ड मॅगी यांनी दोन जीवशास्त्रज्ञांसह 'नेचर'मध्ये लिहिले, की पांढऱ्या भागातले एक विशिष्ट प्रथिन तांब्याशी बंध जोडते आणि त्यामुळे ते उलगडत नाही. स्पष्टीकरण पटण्यासारखे होते. पण पुढे मॅगी यांनीच चांदीच्या भांड्यात अंडी फेटून पाहिली. चांदीचे त्या प्रथिनाशी तसे जुळत नाही, तरी फेस तितकाच चांगला राहिला! मग त्यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात जुने स्पष्टीकरण मागे घेतले आणि नवे मांडले. प्रथिनांमधले गंधकयुक्त गट एकमेकांना घट्ट जोडले जातात. तांबे आणि चांदी त्या गटांना अडवतात. स्वतःच्या छापून आलेल्या सिद्धान्ताला स्वतःच प्रयोग करून खोडून काढणे, हे वर्गात आवर्जून सांगावे असे उदाहरण आहे.

व्हिनेगर किंवा लिंबाचा रस हेच काम वेगळ्या वाटेने करतो. आम्लामुळे त्या गंधकयुक्त गटांची जोडी जमायला अडथळा होतो. (दोन्ही उपाय एकदम मात्र करू नयेत. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात ठेवत नाहीत, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते.) साखर पापुद्र्यातल्या पाण्यात विरघळून त्याला दाट करते, म्हणून ते खाली लवकर निथळत नाही. कॉर्नफ्लोअर आतला ओलावा धरून ठेवते आणि गर मऊ राहतो. भट्टीत गेल्यावर ओव्हाल्ब्युमिन हे मुख्य प्रथिन ८० अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते. फेटण्याने ते फारसे गोठलेले नसते. तेव्हा कुठे फेसाचा घन पदार्थ होतो आणि बाहेरचे पाणी उडून साखरेचे काचेसारखे कवच उरते.

घरी पहिल्यांदा करताना

चार अंड्यांचा पांढरा भाग, सुमारे २०० ग्रॅम बारीक दाण्याची साखर (मिक्सरमधून क्षणभर फिरवलेली), एक चहाचा चमचा व्हिनेगर आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर एवढे घ्यावे. अंडी एकेक करून वेगळ्या वाटीत फोडावीत, म्हणजे एखाद्याचा बलक फुटला तरी बाकीचे वाया जात नाही. पांढरा भाग मऊ शिखरे उभी राहीपर्यंत फेटावा, मग चमचा-चमचा साखर घालत फेटत राहावे. चिमटीत घेतल्यावर साखरेची कचकच लागेनाशी झाली की व्हिनेगर आणि कॉर्नफ्लोअर हलक्या हाताने मिसळावे. कागदावर गोल रचून १२० अंशांच्या भट्टीत साधारण सव्वा तास ठेवावे आणि भट्टी बंद करून आतच पूर्ण थंड होऊ द्यावे. एकदम बाहेर काढल्यास कवच आणि गर वेगवेगळ्या वेगाने आकसतात व मोठ्या भेगा पडतात. बारीक भेगा पडतातच. क्रीमने त्या झाकल्या जातात.

आमच्या घरी हा प्रयोग आम्ही मार्चमध्ये आणि जुलैमध्ये असा दोनदा करून पाहिला. मार्चमधले कवच दुसऱ्या दिवशीही वाजत होते. जुलैतले दोन तासांत चिकट झाले. साखरेचे ते काचेसारखे कवच हवेतले बाष्प झपाट्याने शोषते. त्यामुळे कोकणात पावसाळ्यात हा पदार्थ करायचा, तर भट्टीतून काढल्यावर थेट पानातच वाढावा.

वर फळे कोणती? तिकडे किवी आणि कृष्णकमळाच्या जातीचे पॅशनफ्रूट घालतात. आपल्याकडे महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी उत्तम. किवी हे फळही मूळचे चीनचे. त्याचे बी १९०४ मध्ये न्यूझीलंडमध्ये आले आणि १९५९ मध्ये निर्यातीसाठी त्याला किवी हे नाव मिळाले. नाव एकीकडचे आणि वस्तू दुसरीकडची, याचे हे आणखी एक उदाहरण.

ज्या शाळेत अंडे चालत नाही, तिथे काबुली चणे शिजवलेले दाट पाणी वापरता येते. त्यातही विरघळलेली प्रथिने असल्याने फेस होतो. २०१४ मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच गृहस्थांनी हे दाखवले, २०१५ मध्ये गूस वोल्ट या अमेरिकनाने त्यापासून मेरँग केले. भट्टीही नसली तर नुसत्या फेसावर प्रयोग करता येतात. चार सारख्या पेल्यांत तेवढेच द्रव घ्या. एक तसाच ठेवा, दुसऱ्यात दोन थेंब तेल, तिसऱ्यात लिंबाचा रस, चौथ्यात आधीच साखर घाला. तितकाच वेळ फेटून फेसाची उंची आणि अर्ध्या तासात तळाशी किती पाणी निथळले ते मोजा. आधी मुलांना अंदाज लिहायला सांगा.

आपल्या पानातला प्रश्न

इतिहासाच्या बाजूने प्रयोग करायचा असेल तर ऑस्ट्रेलियापर्यंत जायला नको. उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. 'ही पूर्वापार चालत आलेली' असे घराघरात सांगतात. पण साबुदाणा आपल्याकडे कसावाच्या कंदापासून होतो आणि कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा, मिरची आणि बटाटाही अमेरिकेचेच. हे सारे सोळाव्या शतकात पोर्तुगीज आल्यानंतर कधीतरी आपल्याकडे पोचले. मग ती खिचडी पहिल्यांदा कोणी केली? कोणत्या गावी? उपवासाला ती चालेल हे कोणी ठरवले असेल?

मुलांना घरातल्या पाककृतींच्या जुन्या वह्या शोधायला सांगा. वहीवर सन आहे का, कृतीखाली कोणाचे नाव आहे का, 'वहिनींची पद्धत', 'सोलापूरच्या मावशीकडून' अशा नोंदी आहेत का, ते पाहायला सांगा. १९७० मधल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'शी त्या ताडून पाहा. पुस्तकात एखादा पदार्थ असला तर १९७० पर्यंत तो होता एवढेच सिद्ध होते, हे तोवर त्यांच्या लक्षात आलेले असेल. आणि वहीत ज्यांची नावे सापडतील, त्यातल्या हयात असलेल्यांना तरी जाऊन भेटायला सांगा. हा पुरावा अजून बोलतो आहे; त्याला प्रश्न विचारायला वेळ फार नाही.